मातीच्या कोठारातील तणनाशक

मृग नक्षत्राच्या पहिल्या सरी तापलेल्या भुईवर पडल्या, की मातीला एक मधुर सुगंध सुटतो. मातीत राहणारे काही सूक्ष्म जीव जिओस्मिन नावाचे द्रव्य निर्माण करतात. या सुगंधात त्याचा मोठा वाटा असतो. अशा जीवांत स्ट्रेप्टोमायसिस हे जिवाणू प्रमुख होत. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या या जिवाणूंच्या कोठारात सुगंधाप्रमाणेच रोगांवरील औषधे आहेत, आणि तणांचा नाश करणारी विषेही आहेत.

तण म्हणजे शेतकऱ्याचा जुना वैरी. वाशीम जिल्ह्यातील मालेगावच्या शिवारात सोयाबीन व तूर यांची पेरणी झाली, की पिकाबरोबर केना, लव्हाळा यांसारखी न पेरलेली तणेही उगवतात. पिकाच्या वाट्याचे पाणी, अन्न आणि सूर्यप्रकाश ती बळकावतात. ‘तण खाई धन’ ही म्हण यामुळेच पडली. दोन ओळींमधील तण बैलांच्या डवऱ्याने काढता येते. परंतु पिकाच्या अगदी बुडाशी असलेले तण काढण्यासाठी स्त्रियांना दिवसभर वाकून निंदण करावे लागते. पावसाने झड धरली, तर वाफसा येत नाही. मग डवराही चालत नाही आणि निंदणही होत नाही. अशा वेळी शेतकरी तणनाशकाचा आधार घेतो.

मातीतील जिवाणूंनी असली विषे का निर्माण करावीत? चिमूटभर मातीत कोट्यवधी सूक्ष्म जीव दाटीने राहतात. त्या मानाने अन्न थोडे. अशा स्पर्धेत काही जिवाणू शेजाऱ्यांची वाढ रोखणारी द्रव्ये बाहेर टाकतात. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन हे औषध अमेरिकेत 1943 साली अशाच जिवाणूपासून मिळाले. महाराष्ट्रातही असे संशोधन झाले आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही संस्था स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञांनी 1960 नंतरच्या काळात मातीतील जिवाणूंपासून हॅमायसिन आणि ऑरिओफंजिन ही बुरशीनाशके शोधून काढली. त्यांपैकी ऑरिओफंजिन पिकांवरील बुरशीच्या रोगांसाठी उपयोगी ठरले.

याच मार्गाने तणनाशकाचाही शोध लागला. 1970 नंतरच्या दशकात जर्मनी आणि जपान या दोन देशांतील संशोधकांना स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंमध्ये एकच द्रव्य स्वतंत्रपणे आढळले. त्यास बायलाफॉस असे नाव मिळाले. ते इतर जिवाणूंना तर मारतेच, परंतु वनस्पतींनाही मारते, असे पुढे दिसून आले.

ते कसे मारते, हे समजून घेण्यासारखे आहे. वनस्पती आपले अन्न तयार करीत असता तिच्या पानांत अमोनिया निर्माण होतो. तो साचल्यास अपाय करतो. म्हणून एक विकर त्या अमोनियाची ग्लुटामिक आम्लाशी सांगड घालते आणि त्यापासून उपयुक्त द्रव्य बनविते. बायलाफॉस हे तीन कड्यांच्या साखळीसारखे आहे. वनस्पती स्वतःच त्यातील दोन कड्या तोडते आणि फॉस्फिनोथ्रिसिन नावाची तिसरी कडी मोकळी होते. ही कडी दिसावयास ग्लुटामिक आम्लासारखी असते. त्यामुळे विकर फसते. कुलपात चुकीची किल्ली अडकून बसावी, त्याप्रमाणे त्याचे काम थांबते. अमोनिया साचतो, पाने पिवळी पडतात आणि थोड्याच दिवसांत झाड वाळते. हेच द्रव्य कारखान्यात कृत्रिम रीतीने तयार करतात. त्यास ग्लुफोसिनेट म्हणतात.

मग हे विष निर्माण करणारा जिवाणू स्वतः कसा वाचतो? त्याच्याजवळ आणखी एक विकर असते. ते या विषाला एक लहानसा रासायनिक तुकडा जोडून त्याचा प्रभाव नाहीसा करते. ते विकर घडविणारे जनुक शास्त्रज्ञांनी मका, कापूस अशा पिकांत घातले आहे. काही देशांत अशी पिके घेतली जातात. त्यांच्यावर हे तणनाशक पडले तरी ती मरत नाहीत.

साध्या पिकाला मात्र हे संरक्षण नसते. तण कोणते आणि सोयाबीन कोणते, हे या द्रव्यास कळत नाही. ज्या पानावर पडेल, ते पान ते जाळते. ते मुळांपर्यंत फारसे पोहोचत नाही. म्हणून लव्हाळ्यासारखे तण जमिनीतील गाठींपासून पुन्हा फुटते. एकच तणनाशक वर्षानुवर्षे वापरल्यास त्याला दाद न देणारी तणे वाढू लागतात. या द्रव्याचा एक गुण असा, की मातीतील इतर जिवाणू ते काही काळाने मोडून टाकतात.

निसर्गात निर्माण झालेली वस्तू निरुपद्रवी असते, असा समज काहींचा असतो. परंतु सापाचे विष आणि धोतऱ्याचे बी हीसुद्धा निसर्गाचीच निर्मिती आहे. ग्लुफोसिनेट पोटात गेल्यास मनुष्याच्या मज्जासंस्थेस इजा होते. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. कोणतेही शेतीविष हाताळताना सावधगिरी किती आवश्यक आहे, हे त्या घटनेने दाखवून दिले. डब्यावरील तांबडी, पिवळी, निळी किंवा हिरवी खूण विषाची तीव्रता सांगते. ती पाहावी, सूचना वाचाव्यात, हातमोजे व मुखपट्टी वापरावी, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये आणि रिकामा डबा घरात पाण्यासाठी कधीही घेऊ नये.

मातीतील जिवाणू हे विष अत्यल्प प्रमाणात निर्माण करतो. मनुष्य ते पंप भरभरून शिंपडतो. म्हणून जिवाणूपासून विष घेताना मनुष्याने त्याबरोबर विवेकाचीही जोड द्यावयास हवी. डवरा आणि खुरपे यांनी जेवढे तण निघेल तेवढे काढावे, आणि जेथे हात पोहोचत नाही तेथेच, मोजून मापून, तणनाशकाचे साहाय्य घ्यावे. असे केले तर पीकही वाचेल, मातीही वाचेल आणि फवारणाराही सुखरूप घरी येईल.