रणगाडे बघताना आईच्या मनात

सुट्टी लागली की घरोघरी एकच भुणभुण असते. "आई, कुठं तरी जाऊ या ना!" शिर्डी झाली, शनिशिंगणापूर झालं. यंदा मुलांनी हट्टच धरला, रणगाडे बघायचे. मग आम्ही दोघी जावा मुलांना घेऊन नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेलो. खरं सांगते, मला वाटत होतं, त्या लोखंडी धुडांत आपण बायकांनी काय बघायचं!

नगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झालं. ते उभारलं लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने. रणगाड्यातून लढायचं शिक्षण देणारी ही संस्था नगरलाच आहे. संग्रहालयात सुमारे ५० रणगाडे आणि चिलखती गाड्या आहेत. जुनी रोल्स रॉईस चिलखती गाडी आहे, इंग्रजांचा चर्चिल आहे, जपान्यांचे लहान रणगाडे आहेत, आपल्या देशात बनलेला विजयंता आहे. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानची ज्यांच्यावर मोठी भिस्त होती, तो अमेरिकन बनावटीचा पॅटनही आहे. त्या वेळी आपले संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण.

मुलं इकडून तिकडे पळत होती. आमच्या मोठ्या जाऊबाई मात्र एका रणगाड्यापाशी थांबल्या, त्या हलेचनात. त्यांचा थोरला गेल्या वर्षी सैन्यात गेलाय. वरच्या झाकणाकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "अगं, आत आग लागली तर एवढ्याशा भोकातून पोरं बाहेर कशी येत असतील गं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पण मला आठवण झाली ती सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांची. जन्म पुण्याचा, पलटण पूना हॉर्स. १९७१ मध्ये ते याच नगरला तरुण अधिकाऱ्यांचं शिक्षण घेत होते. युद्धाचे ढग जमले आणि पलटणीने बोलावून घेतलं. वाटेत दिल्लीला आईवडिलांना भेटून ते आघाडीवर गेले. १६ डिसेंबरला बसंतर नदीजवळच्या लढाईत त्यांच्या रणगाड्याने पेट घेतला. बाहेर पडा, असा हुकूम आला. तोफ अजून चालतेय, म्हणून ते हटले नाहीत. त्याच दिवशी ढाक्याला पाकिस्तानी सैन्य शरण आलं. देशभर पेढे वाटले जात होते आणि एका आईचा मुलगा गेला होता. वय अवघं २१. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्यांचा 'फामागुस्टा' नावाचा रणगाडा नगरच्याच त्या लष्करी संस्थेत जपून ठेवला आहे.

पुढची गोष्ट तर ऐकाच. २००१ मध्ये अरुणचे वडील, ब्रिगेडियर खेत्रपाल, वयाच्या ८१ व्या वर्षी आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. ज्यांच्या घरी त्यांचा पाहुणचार झाला, त्या ब्रिगेडियर नासर यांनीच निघायच्या आदल्या रात्री सांगितलं, तुमच्या मुलाचा रणगाडा माझ्या हातून उडाला. ऐकणाऱ्याची छाती केवढी, आणि सांगणाऱ्याचीही!

रशियात व्होल्गोग्राड शहर आहे. पूर्वीचं स्टालिनग्राड; तिथल्या लढाईवर आपल्या अण्णाभाऊ साठ्यांनी पोवाडा रचला होता. तिथल्या टेकडीवर १९६७ पासून तलवार उगारलेल्या मातेचा ८५ मीटर उंच पुतळा उभा आहे. जगभरच्या लोकांना ठाऊक आहे तो हाच. पण त्याच टेकडीवर, खाली पाण्याकाठी, दुसरी आई बसली आहे. तिच्या मांडीवर तिचा मेलेला मुलगा आहे. घडवणारे शिल्पकार एकच, वुचेतिच. त्यांना दोन्ही आया दाखवाव्याशा वाटल्या.

नगरला तसा भव्य पुतळा नाही. तिथे आईची गोष्ट आपल्यालाच सांगावी लागते. म्हणून जाल तेव्हा मुलांना रणगाड्याचं वजन नि तोफेचा पल्ला जरूर वाचू द्या, पण लढणाऱ्यांची वयंही सांगा. "तुझ्या दादाएवढा होता बरं का," एवढं म्हटलं तरी पुरे.

आता थोडं कामाचं. उन्हाळ्यात सकाळीच जा, दुपारी लोखंड भयंकर तापतं. टोप्या, पाण्याची बाटली, दशम्या नि चटणी बरोबर असू द्या. भाग लष्कराचा आहे, तेव्हा उघडण्याच्या वेळा आधी विचारून घ्या आणि तिथले नियम पाळा.

परतताना एस.टी.त माझ्या धाकट्याने विचारलं, "काकू, दादा पण असल्याच गाडीत बसतो का?" जाऊबाईंनी त्याला जवळ ओढलं. "नाही रे," म्हणाल्या, "तो पायदळात आहे." मग बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. घरी पोचल्यावर मात्र हातपाय न धुताच त्यांनी आधी लेकाला फोन लावला.