अल्टिमेट फ्रिस्बी : फेक व बचाव या प्राथमिक कौशल्यांचे अध्ययन

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या मैदानावर फ्रिस्बीची तबकडी दिसली तर ती विरंगुळ्याची वस्तू समजली जाते. परंतु याच तबकडीवर ‘अल्टिमेट’ हा काटेकोर नियमांचा सांघिक खेळ उभा आहे. इ.स. १९६८ मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील मेपलवुड येथील कोलंबिया हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी तो सुरू केला. १९७२ मध्ये रटगर्स व प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या संघांत पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. २००१ मध्ये जपानमधील अकिता येथे भरलेल्या वर्ल्ड गेम्समध्ये या खेळाचा पदकांसाठी समावेश झाला, तर २०१५ मध्ये जागतिक फ्लाइंग डिस्क महासंघास आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली. ‘फ्रिस्बी’ हे व्यापारचिन्ह असल्यामुळे खेळाच्या अधिकृत नावात ते येत नाही. बोलण्यात मात्र तेच रूढ आहे.

मैदान १०० मीटर लांब व ३७ मीटर रुंद असते आणि दोन्ही टोकांस १८ मीटर खोलीचे गोलक्षेत्र असते. प्रत्येक संघात ७ खेळाडू असतात. गोलक्षेत्रात उभ्या असलेल्या सहकाऱ्याने तबकडी झेलली की गुण मिळतो. तबकडी जमिनीस लागली, मैदानाबाहेर गेली अथवा प्रतिपक्षाने अडवली, तर ताबा बदलतो.

अध्यापनाच्या दृष्टीने दोन नियम निर्णायक आहेत. तबकडी हाती असताना धावता येत नाही. म्हणजेच पुढे सरकण्याचे एकमेव साधन फेक हे होय. दुसरे असे की, सामान्यतः या खेळात पंच नसतो. नियमभंगाची हाक खेळाडू स्वतःच देतात. त्यामुळे बचाव करणाऱ्यास आपल्या शरीरावर स्वतःच अंकुश ठेवावा लागतो. असे असूनही शिकविताना बहुधा दोन रांगा समोरासमोर उभ्या करून नुसती फेक घोटवली जाते आणि बचाव पुढील टप्प्यासाठी राखून ठेवला जातो. परिणामी सरावात सुरेख फेकणारा विद्यार्थी सामन्यात समोर कोणी उभे राहताच गोंधळतो. ही दोन कौशल्ये एकमेकांच्या सान्निध्यातच शिकविणे हितावह ठरते.

फेकीचे तंत्र :

स्पर्धेची तबकडी १७५ ग्रॅम वजनाची असते. तिला हवेत उचलून धरते ती तिची गती. तिला स्थिर ठेवते ती तिची फिरकी. नवशिका दंडाच्या ताकदीने तबकडी ‘ढकलतो’, तेव्हा गती मिळते पण फिरकी मिळत नाही. तबकडी डगमगते व कलंडते. (थाळीफेकीचा सराव असलेले विद्यार्थी येथे विशेष अडखळतात, कारण त्यांची सवय सबंध अंग फिरवून जोर लावण्याची असते.) मनगटाचा झटका हाच फेकीचा प्राण आहे.

बॅकहँड फेक बहुतेकांस लवकर साधते. अंगठा वर, बोटे कडेच्या आत, आणि हात शरीराच्या विरुद्ध बाजूकडून पुढे आणून मनगट सोडावयाचे. फोरहँड मात्र अपरिचित असते. तर्जनी व मधले बोट कडेच्या आतल्या बाजूस टेकवून, अंगठ्याने वरून दाब देऊन, कोपर अंगाजवळ ठेवीत मनगटाच्या फटक्याने ती फेकली जाते. येथील सर्वसाधारण दोष म्हणजे तबकडीची बाहेरील कड वर उचलली जाणे. उजव्या हाताने फेकणाऱ्याची तबकडी मग डावीकडे वळून जमिनीकडे झेपावते. बाहेरील कड किंचित खाली ठेवण्यास सांगितले, तर हा दोष अनेकदा थोड्या वेळात आटोक्यात येतो. अधिक जोर लावण्यास सांगितले, तर तो वाढतो.

गती मंदावल्यावर तबकडीचा मार्ग फिरकीच्या दिशेनुसार वाकतो. उजव्या हाताची बॅकहँड शेवटी डावीकडे, तर फोरहँड उजवीकडे झुकते. वारा समोरून असेल तर पुढची कड वर राहिलेली तबकडी उंच चढून मागे फिरते. अशा वेळी फेक खालून व अधिक फिरकीची हवी.

उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय जमिनीवर रोवलेला राहतो आणि उजवा पाय दोन्ही बाजूंस टाकता येतो. या पावलामुळेच फेकणाऱ्यास बचावाच्या आडून बाहेर येता येते. म्हणून ते पहिल्या दिवसापासून शिकवावे. झेलाविषयी एवढेच सांगणे पुरेसे आहे की, क्रिकेटप्रमाणे ओंजळ न करता एक तळवा वर व एक खाली ठेवून टाळी वाजविल्यासारखी तबकडी पकडावी.

बचावाचे तंत्र :

फेकणाऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या बचावपटूस ‘मार्कर’ म्हणतात. प्रत्येक फेक अडविणे हे आपले काम आहे, असा नवशिक्याचा समज असतो आणि तोच त्याच्या अपयशाचे मूळ असतो. मार्करने एक बाजू बंद करावयाची असते; दुसरी बाजू जाणूनबुजून उघडी सोडली जाते आणि तिची राखण मागील सहा सहकारी करतात. मार्कर मध्येच दोन्ही बाजूंस झेपावू लागला, तर त्या सहा जणांनी निवडलेल्या जागा निरर्थक ठरतात. नवोदितांची फोरहँड कच्ची असल्यामुळे अनेक संघ तीच बाजू उघडी ठेवतात.

मार्करने गुडघे वाकवून, चवड्यांवर भार देऊन, हात खाली व रुंद ठेवावेत. हात वर उंचावणे स्वाभाविक वाटते, परंतु पुष्कळशा फेका कमरेच्या उंचीवरून निसटतात. हुलकावणी देणारा फेकणाऱ्याचा हात न पाहता त्याच्या कमरेकडे लक्ष ठेवावे. दोघांत किमान तबकडीच्या व्यासाइतके अंतर राखणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत येथे एक विशेष अडचण संभवते. कबड्डीत पकड ही कला आहे. येथे तीच नियमभंग ठरते. याउलट खो-खोतील चपळ दिशाबदल मोकळ्या खेळाडूचा पाठलाग करताना फार उपयोगी पडतो.

एकत्रित सराव :

वरील दोन्ही अंगे जोडणारा एक साधा सराव तिघांत करता येतो. फेकणारा, त्याच्यासमोर मार्कर, आणि सुमारे १० मीटरवर झेलणारा अशी रचना असते. फेकणारा मार्करला चुकवून फेकतो आणि लगेच धावत जाऊन झेलणाऱ्याचा मार्कर होतो. पहिला मार्कर जागेवरच थांबून पुढील फेक झेलतो. अशा रीतीने प्रत्येकजण आळीपाळीने तिन्ही भूमिका करतो. मिश्र संघात एका लिंगाचे ४ व दुसऱ्याचे ३ खेळाडू असतात. अशा संघांत मुलींकडे तबकडी कमी फेकली जाते, ही तक्रार गंभीर मानावयास हवी. ज्यांना फेकण्याची संधीच मिळत नाही त्यांची फोरहँड सुधारणार तरी कशी? तिघांच्या सरावात कोणालाही वगळता येत नाही.

याच सरावात मोजणीही असावी. मार्कर ‘स्टॉलिंग’ असे म्हणून एकेका सेकंदाच्या अंतराने एक ते दहा मोजतो. ‘दहा’ हा शब्द उच्चारण्यास सुरुवात होईपर्यंत तबकडी सुटली नाही, तर ताबा जातो. उत्साहाच्या भरात मार्करची मोजणी घड्याळाच्या पुढे धावते. तेव्हा फेकणाऱ्याने तशी हाक द्यावयाची असते आणि ती मान्य असल्यास मार्करला मोजणी मागे घ्यावी लागते. शिक्षकाने हातातील घड्याळ बाजूस ठेवून हा निर्णय त्या दोघांवरच सोपवावा.