आभासी यंत्रातील लिनक्स आणि पडद्याचे माप

या अंकाच्या मजकुराची जुळवाजुळव चालू होती तेव्हाची गोष्ट. नववीच्या एका विद्यार्थिनीने आपल्या गावच्या पावसावर निबंध लिहिला होता. सुळग्याहून वेंगुर्ला रस्त्याने शाळेकडे येताना अंगावर घेतलेला पाऊस तिने जसाच्या तसा वहीत उतरविला होता. संगणकाच्या खोलीत दोन मुलांनी तो टंकलिखित केला, आम्ही पडद्यावर वाचून तपासला, आणि मग त्याची कागदावर प्रत काढली. त्या प्रतीत 'पावसाची धार' या शब्दांच्या जागी 'पावसाची घार' असे ठसठशीत अक्षरांत उमटलेले होते! मुलगी आमच्याकडे आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "सर, माझ्या वहीत धार आहे." इतर मुले हसली, आम्हांस मात्र हसू आले नाही, कारण ती प्रत आम्हीच तपासली होती.

एकटी घारच असती तर हस्तदोष म्हणून सोडून देता आले असते. पुढे पाहतो तो 'भान' या शब्दाचे 'मान' झालेले, 'त्यांनी' यातील अनुस्वार गळालेला. कागदावर ज्या चुका ढळढळीत दिसत होत्या, त्या पडद्यावर आम्हां कोणासही दिसल्या नव्हत्या. याचा अर्थ उघड होता. दोष टंकाचा नव्हता. पडद्यावर अक्षर जसे दिसावयास हवे तसे दिसत नव्हते.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. यंत्रविद्येशी आमचा संबंध बेताचाच. सर्वसामान्य माणूस करील तेच आम्ही केले, म्हणजे पडदा जुना झाला असे ठरविले. शहरातील एका दुकानदारानेही नवा घ्यावा असाच सल्ला दिला. त्यासाठी पालकांकडे वर्गणी मागावी म्हणून पत्राचा मसुदा लिहावयासही आम्ही बसलो होतो. तेवढ्यात दहावीचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, हाच पडदा विंडोजमध्ये स्वच्छ दिसतो. लिनक्स उघडले की अक्षरे फुगतात." आम्ही पडताळून पाहिले. मुलाचे म्हणणे तंतोतंत खरे होते. मसुदा आम्ही घडी घालून खणात ठेवला.

विद्यार्थी मित्रहो, येथे थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. आमच्या खोलीतील संगणकांवर विंडोज आहे, आणि कार्यालयीन कामासाठी ते हवेच असते. लिनक्स ही निराळी कार्यप्रणाली. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहून सर्वांस खुला केला, आणि आज ती विनामूल्य मिळते. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' या नावाने तिचे जे भारतीय रूप घडविले, त्याचा पाया 'डेबियन' हे लिनक्स आहे. आमच्या मुलांनीही डेबियनच घेतले आहे. परंतु विंडोज पुसून टाकणे शक्य नसल्यामुळे ते 'व्हर्च्युअल मशीन'मध्ये, म्हणजे आभासी यंत्रात बसविलेले आहे. खऱ्या संगणकाच्या पोटात एक आज्ञावली दुसऱ्या संगणकाचे सोंग उभे करते, आणि त्या सोंगास खरा संगणक समजून लिनक्स सुखाने नांदते. ही कल्पना आजची नव्हे. आय. बी. एम. कंपनीच्या प्रचंड यंत्रांवर ती १९६० नंतरच्या दशकातच साकार झाली होती. आम्ही वापरतो ती 'व्हर्च्युअलबॉक्स' नावाची आज्ञावली इनोटेक या जर्मन कंपनीने केली, २००७ साली तिचा स्रोत खुला झाला, पुढे ती सन मायक्रोसिस्टिम्सकडे व २०१० पासून ओरॅकलकडे आली.

या व्यवस्थेत खऱ्या संगणकास 'होस्ट' व आतल्या आभासी संगणकास 'गेस्ट' म्हणतात. आपण त्यांस यजमान व पाहुणा म्हणू. आमच्या कोकणीत पाहुण्यास 'सोयरो' म्हणतात, आणि घरी आलेल्या सोयऱ्यास पाणी देण्याआधी बसावयाची जागा दाखविण्याची रीत आहे. आमच्या या पाहुण्यास जागाच कोणी दाखविली नव्हती! सारी अडचण एवढीच होती. पण ती कळावयास आम्हांस चार संध्याकाळी लागल्या.

पडद्यावरील चित्र ठिपक्यांचे असते. ठिपक्यांची रांगोळी तुम्ही पाहिलीच आहे. ठिपके विरळ असले तर कमळाची पाकळी गोल न निघता टोकदार निघते. ते दाट असले तर हवा तसा बाक देता येतो. पडद्याच्या आडव्या व उभ्या ओळींत किती ठिपके आहेत, या मापास 'रेझोल्यूशन' म्हणतात. आमच्या पडद्यावर आडवे १३६६ व उभे ७६८, म्हणजे एकूण १०,४९,०८८ ठिपके आहेत. लिनक्स मात्र ८०० गुणिले ६०० या मापाचेच चित्र काढीत होते. ते होतात ४,८०,०००. म्हणजे निम्म्याहूनही कमी! आणि ते छोटे चित्र आमच्या मुलांनी 'स्केल्ड मोड'ने ताणून साऱ्या पडद्यावर पसरविले होते. आडवे सुमारे १.७ पट आणि उभे १.२८ पट. ठिपका काही अपूर्णांकात फोडता येत नाही. म्हणून यंत्र शेजारच्या ठिपक्यांत रंग मिसळून वेळ मारून नेते, आणि अक्षराच्या कडा पुसट होतात. मोठे दिसणे आणि स्पष्ट दिसणे या दोन गोष्टी भिन्न आहेत हे आम्ही तेव्हा प्रथम शिकलो.

इंग्रजी अक्षरे अशा हालातही तग धरतात. आपल्या लिपीचे तसे नाही. 'ध' आणि 'घ' यांतील भेद तो केवढा! एका बारीकशा गाठीचा. 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांचेही तेच. डोक्यावरचा अनुस्वार तर एका ठिपक्याचाच मालक. आपल्या सीमाभागातील मुलांस कन्नडही लिहावे लागते, आणि त्या लिपीत जोडाक्षराचा दुसरा घटक अक्षराच्या पायाशी लहानसा काढतात. पसरट, धुरकट पडद्यावर ती पायाशी काढलेली अक्षरे म्हणजे नुसते डाग वाटत. तीन लिप्यांत शिकणाऱ्या मुलांस पडद्याचे योग्य माप ही चैनीची बाब नव्हे, असे आम्हांस वाटते.

आता पाहुण्यास जागेचे माप का कळत नव्हते ते पाहू. खरा पडदा तारेने जोडला की तो आपली मापे स्वतःच संगणकास कळवितो. १९९४ साली याविषयीचा संकेत ठरला, तेव्हापासून ही सोय आहे. आभासी यंत्राजवळ काचही नाही आणि तारही नाही. त्याचा पडदा म्हणजे विंडोजमधील एक चौकट. ती तुम्ही ओढाल तशी लहानमोठी होते. तिचे माप पाहुण्यास क्षणोक्षणी सांगणारा कोणी मध्यस्थ असावा लागतो. तो नसला की लिनक्स सावधपणे सर्वत्र चालणारे असे एखादे जुने, लहान माप धरून बसते. ६४० गुणिले ४८० हे त्यांतील एक, आय. बी. एम. ने ते १९८७ साली 'व्हीजीए' या नावाने रूढ केले. ८०० गुणिले ६०० हे त्याच्या पुढची पायरी. अशा लहान मापात पुष्कळदा चौकटीची खालची कळच पडद्याबाहेर जाते आणि 'पुढे जा' कोठे दाबावे ते कळत नाही. तेव्हा आल्ट व एफ-७ या कळा दाबून बाण-कळांनी चौकट वर सरकविता येते.

उपायाकडे वळू. प्रथम आभासी यंत्राचा 'स्नॅपशॉट' घ्यावा. म्हणजे काही बिघडले तर पूर्वस्थितीस येता येते. खऱ्या यंत्रास हे भाग्य नाही! नंतर लिनक्स पूर्णपणे बंद करावे. नुसते झोपवून ठेवले, म्हणजे त्याची स्थिती 'सेव्ह' केली, तर हवे ते पर्याय बदलता येत नाहीत. आमची पहिली संध्याकाळ यातच गेली. मग व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमधील 'डिस्प्ले' या भागात दोन गोष्टी पाहाव्यात. एक, 'ग्राफिक्स कंट्रोलर' या जागी 'व्हीएमएसव्हीजीए' असावे; लिनक्ससाठी तेच योग्य. दुसरी, चित्रासाठी राखलेली 'व्हिडिओ मेमरी'. तेथे बहुधा १६ मेगाबाइट असतात, ते वाढवून १२८ करावेत. थ्रीडीचा पर्याय चालू असताना पडदा काळा पडला किंवा लुकलुकू लागला, तर तो बंद करावा.

यानंतर मध्यस्थाची नेमणूक. त्याचे नाव 'गेस्ट ॲडिशन्स'. लिनक्स चालू करून वरच्या 'डिव्हायसेस' या यादीतून गेस्ट ॲडिशन्सची आभासी तबकडी आत घालावी आणि तीवरील आज्ञावली प्रशासकाच्या, म्हणजे 'रूट'च्या अधिकाराने चालवावी. ही आज्ञावली लिनक्सच्या गाभ्यास, म्हणजे 'कर्नल'ला, जोडावयाचे भाग तेथल्या तेथे घडविते. घडवावयाचे तर हत्यारे हवीत. डेबियनमध्ये 'बिल्ड-इसेन्शियल' व चालू कर्नलशी तंतोतंत जुळणारे 'लिनक्स-हेडर्स' हे दोन संच आधी बसविलेले असावे लागतात.

येथेच आम्ही ठेच खाल्ली. आम्ही हेडर्स बसविलेच नव्हते. आज्ञावली चालली, पडद्यावरून पाच-दहा ओळी सरसर गेल्या, शेवटी ती थांबली, आणि काम फत्ते झाले असे समजून आम्ही संगणक पुन्हा चालू केला. माप होते तेवढेच! दोन संध्याकाळी आम्ही तबकडीस दोष देत बसलो. वस्तुतः त्या ओळींत कर्नलचे हेडर्स सापडत नाहीत असे साध्या इंग्रजीत लिहिलेले होते. मुलांस प्रश्नपत्रिका नीट वाचा म्हणून दरसाल बजावणारे आम्ही, आम्हीच त्या ओळी वाचल्या नव्हत्या.

हेडर्स बसविले, आज्ञावली पुन्हा चालविली, यंत्र पुन्हा सुरू केले. मग 'व्ह्यू' या यादीतील 'ऑटो-रिसाइझ गेस्ट डिस्प्ले' हा पर्याय चालू केला, उजवीकडील कंट्रोल व एफ या कळा एकत्र दाबल्या, आणि लिनक्सने सारा पडदा व्यापला. या खेपेस ताणून नव्हे, तर आपले ठिपके मोजून. खोलीतील मुलांनी टाळ्या वाजविल्या. शेजारच्या वर्गातून चौकशी आली.

दोन आठवड्यांनी एका यंत्रावर दुखणे उलटले. लिनक्स अद्ययावत करताना कर्नल बदलले होते, आणि जुन्या कर्नलसाठी घडविलेले भाग नव्यास जुळेनात. नव्या कर्नलचे हेडर्स बसवून गेस्ट ॲडिशन्स पुन्हा चालविल्यावर सारे सुरळीत झाले. माप एकाएकी लहान झाले, तर अलीकडे कर्नल बदलले काय हे प्रथम पाहावे.

कधी कधी एवढे करूनही हवे ते माप यादीत सापडत नाही. तेव्हा ते हाताने घालावे लागते. 'सीव्हीटी' नावाच्या आज्ञेस रुंदी व उंची सांगितली की ती त्या मापाची एक ओळ काढून देते. ती 'एक्सरँडर' या आज्ञेने प्रथम नोंदवावी, नंतर पडद्याच्या नावाशी जोडावी, आणि शेवटी लागू करावी. पडद्याचे नाव 'व्हर्च्युअल-१' किंवा त्यासारखे काही असते. 'एक्सरँडर' नुसते चालविल्यास ते दिसते. यात एक मौज आहे. आम्ही १३६६ मागितले, आज्ञेने १३६८ दिले! आम्हांस वाटले, टंकलेखनात चूक झाली. तशी ती नव्हती. हे गणित रुंदी आठाच्या पटीतच धरते. १३६६ ला आठाने भागल्यास बाकी सहा उरते, म्हणून ते पुढच्या पटीवर जाते. दोन ठिपके कडेस लपतात, त्याने काही अडत नाही. ही हाताने केलेली व्यवस्था संगणक बंद करताच विसरली जाते. ती टिकावयास हवी असेल तर त्याच आज्ञा 'एक्सप्रोफाइल' या आरंभीच्या फाइलीत लिहाव्या लागतात. शिवाय ही युक्ती 'एक्स' या जुन्या चित्रव्यवस्थेपुरतीच आहे. 'वेलँड' ही नवी व्यवस्था चालू असेल तर प्रवेशाच्या वेळी दातेरी चक्राच्या चिन्हावरून 'एक्स' निवडावे. काही नव्या लिनक्समध्ये मात्र ती निवड उरलेली नाही, आणि तेथे गेस्ट ॲडिशन्सवरच भिस्त ठेवावी लागते.

काही पालकांकडे घरी भारी लॅपटॉप आहेत. तेथे तक्रार नेमकी उलट असते. ठिपके इतके दाट की अक्षर मुंगीएवढे दिसते. अशा वेळी पुष्कळ जण माप कमी करतात आणि पुन्हा त्याच धुरकटपणात जाऊन पडतात. माप पूर्ण ठेवावे आणि लिनक्समधील 'स्केल' हा पर्याय वाढवावा. मग अक्षर मोठे होते आणि तरीही पूर्ण ठिपक्यांनी काढले जाते. चष्मा लागलेल्या मुलांसाठी आम्ही शाळेतही अक्षराचा आकार असाच वाढविला आहे.

खोलीतील कोपऱ्याच्या यंत्रात स्मृती फार तोकडी आहे. त्यावर मोठे माप ठेवले की सारेच रेंगाळते. तेथे आम्ही १०२४ गुणिले ७६८ वर समाधान मानले असून चित्र न ताणता मध्येच ठेवले आहे. दोन्ही बाजूंस काळे पट्टे दिसतात, पण 'ध' हा 'ध'च दिसतो. सुळग्याच्या त्या मुलीने आपला निबंध त्याच यंत्रावर स्वतः पुन्हा तपासला. घार तर तिने उडवून लावलीच, शिवाय आमच्या नजरेतून निसटलेले आणखी तीन अनुस्वार तिने जागच्या जागी बसविले. तो निबंध याच अंकात आहे.