चोरी नाही, पण खोळंबा

गळीत हंगामात आपल्या बीड जिल्ह्यात साखर कारखान्याच्या काट्यासमोर उसाच्या गाड्यांची रांग लागते. काटा बंद पडला तर ऊस कोणी चोरत नाही. पण तो वाळतो, वजन घटते आणि टोळी गाडीपाशी अडकून पडते. संगणकातही असा एक दोष असतो. त्यात माहिती चोरीला जात नाही, फक्त काम थांबते. त्याला ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’, म्हणजे सेवा बंद पाडणारा दोष म्हणतात.

कार्यालयात दहा संगणक असले, तरी सामायिक फायली बहुधा एकाच संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर असतात. मागेल त्याला फाइल देण्याचे काम तिथले सॉफ्टवेअर करते. ‘सांबा’ हे त्यातले प्रसिद्ध नाव. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी ते १९९१-९२ च्या सुमारास लिहायला घेतले. ते मोफत मिळते आणि जगभर वापरले जाते.

फेब्रुवारी २००७ मध्ये सांबातला असा एक दोष जाहीर झाला. तो समजण्यासाठी रेकॉर्ड रूममधला कारकून डोळ्यांसमोर आणा. तुम्हाला हवी ती फाइल दुसऱ्याच्या टेबलावर असेल, तर तो तुमची मागणी वहीत टिपून ठेवतो. फाइल परत आली, की ती देतो आणि नोंद खोडतो. सांबाही असेच करते. पण ठरावीक परिस्थितीत फाइलचे नाव बदलले, तर ती नोंद खोडलीच जात नसे. मग सांबा तीच मागणी पुरी करायला पुन्हा पुन्हा धावे. शिवाय प्रत्येक जोडणीसाठी सांबा नवा कारकून बसवते. कोणी मुद्दाम अनेक जोडण्या उघडून असे बरेच कारकून गुंतवले, की सर्व्हरची सारी शक्ती तिथेच खर्च होई आणि बाकीचे ताटकळत बसत. हे करायला पासवर्ड असलेला कोणीही आतला माणूस पुरे होता. ३.०.२४ या आवृत्तीत हा दोष दुरुस्त झाला.

खोळंब्याची किंमत महाराष्ट्राने २०१७ मध्ये पाहिली. तो दोष वेगळा होता. विंडोजच्या फाइल देवाणघेवाणीतला आणि परक्याला थेट आत शिरू देणारा. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच त्यावर दुरुस्ती दिली होती. तरीही २७ जूनला ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम इतर वाटांबरोबर याही वाटेने पसरला. न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या, मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले आणि कंटेनर अडकून पडले.

उपाय साधे आहेत. दुरुस्ती आली की लगेच बसवा. फाइल-सर्व्हर थेट इंटरनेटला उघडा ठेवू नका. नोकरी सोडून गेलेल्यांचे पासवर्ड बंद करा. फायलींची एक प्रत वेगळी ठेवा. काटा हंगामाआधी तपासायचा असतो, रांग लागल्यावर नव्हे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)