सुई दिसते, जंतू दिसत नाहीत

डायलिसिससाठी मानेतील मोठ्या शिरेत जी मऊ नळी बसवतात, तिला कॅथेटर म्हणतात. पूर्वी ती बसवताना डॉक्टरांना शरीरावरील खुणांवर आणि बोटांच्या अंदाजावर विसंबावे लागे. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर शीर काळ्या वर्तुळासारखी आणि सुईचे टोक चमकत्या पांढऱ्या ठिपक्यासारखे दिसत असल्याने चुकीच्या टोचण्या आणि शेजारच्या धमनीला होणारी इजा कमी झाली आहे. मात्र या सोयीबरोबर प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारा हातातील भाग, आणि जेल या दोन वस्तू सुईच्या अगदी जवळ आल्या असून त्या निर्जंतुक नसतील तर जंतूंना रक्तापर्यंत सरळ वाट मिळते.

प्रोब आणि त्वचा यांच्यामधील हवेचा थर ध्वनिलहरींना अडवतो, म्हणून तेथे जेल लावावेच लागते. परंतु हे जेल पाणीदार असते आणि ओलाव्यात तग धरणारा बर्कहोल्डेरिया सेपेशिया हा जंतू त्यात वाढू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये दूषित जेलविषयी इशारा दिला तो याच जंतूमुळे. त्यामुळे मोठ्या कॅनमधून पुन्हापुन्हा भरलेली बाटली येथे चालत नाही. एकदाच वापरायचे निर्जंतुक जेलचे पाकीट आणि प्रोबसह त्याची वायरही झाकणारे निर्जंतुक आवरण आवश्यक ठरते.

एका वस्तूची हयगय किती महाग पडते, हे मुंबईत परळ येथील प्लेगची लस बनवणाऱ्या प्रयोगशाळेने फार पूर्वी अनुभवले आहे. तेथे तयार झालेली प्लेगची लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी टोचल्यानंतर १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या सर्वांची लस एकाच बाटलीतील होती आणि जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच त्या बाटलीचे बूच काढण्यासाठी वापरला गेल्याचे पुढे समोर आले.

याउलट, हात धुणे, रुग्णाला निर्जंतुक चादरीने पूर्ण झाकणे, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणे, जांघेतील शीर शक्यतो टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे, या पाच साध्या गोष्टी कटाक्षाने पाळल्यावर अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या अतिदक्षता विभागांत नळीमुळे होणारा रक्तसंसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. क्लोरहेक्सिडिन पुसल्यावर ते आपोआप वाळू देणे, हाही उपचाराचाच भाग असतो, कारण ओल्या त्वचेवर घाईने सुई टोचल्यास औषधाला काम करायला वेळच मिळत नाही.

नळीसह रुग्ण घरी जातो तेव्हा ही जबाबदारीही त्याच्यासोबत घरी जाते. विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात पावसाळ्यात दोरीवरचे कपडेसुद्धा लवकर वाळत नाहीत. अशा दमट हवेत मानेवरची पट्टी कोरडी ठेवणे, ती भिजली किंवा सुटली तर डायलिसिस केंद्रातून लगेच बदलून घेणे आणि थंडी वाजून ताप येताच रुग्णालय गाठणे, हे घरच्यांच्या हाती असते. पडद्यावर दिसणाऱ्या सुईचे काम काही मिनिटांत संपते. न दिसणाऱ्या जंतूंना अडवण्याचे काम मात्र नळी निघेपर्यंत रोज करावे लागते.