शिशाची घरगुती परीक्षा



शाळेंत शिकवीत असतांना धातूंच्या पाठाच्या आरंभीं मी मुलांना एक प्रश्न हमखास विचारीत असें : "तुमच्या हातांतील शिसपेन्सिलींत शिसें किती?" कोणी 'पुष्कळ' म्हणे, कोणी 'थोडें' म्हणे. खरें उत्तर 'मुळींच नाहीं' हें आहे. तिच्यांत ग्राफाइट आणि चिकणमाती असते. शिशाचें नांव तेवढें तिला चिकटलें आहे. उलट, जेथें शिशाचें नांवहि कोणी घेत नाहीं अशा कित्येक वस्तूंत तें असूं शकतें. तें कसें ओळखावें, आणि घरीं केलेल्या परीक्षेवर भरंवसा किती ठेवावा, या दोन गोष्टी आज सांगावयाच्या आहेत. पैकीं दुसरीचा धडा मला सेवानिवृत्तीनंतर, माझ्या नातीमुळें मिळाला.

शिसें आपल्या पूर्वजांच्या चांगल्या ओळखीचें. शेंदूर, मुरदाडशिंग, रंगाऱ्यांचा जुना सफेदा हीं सारीं त्याचींच रूपें. जुन्या वाड्यांच्या दारांखिडक्यांवरील तैलरंग, भेसळीच्या कथलाची कल्हई, कांहीं सुरमे, मातीच्या भांड्यांवरील हलक्या प्रतीची झिलई यांतहि तें सांपडतें. भारतांत शिसेयुक्त पेट्रोल २००० सालीं बंद झालें. घरगुती रंगांत दर दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसें नसावें, असा नियम २०१६ सालीं होऊन १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आला. परंतु त्यापूर्वींच खिडकीवर चढलेल्या रंगाला हा नियम कोठून ठाऊक असणार!

शिशाची चोरी मोठी साळसूद असते. शरीर त्याला कॅल्शियम समजून फसतें आणि हाडांत सांठवून ठेवतें. मोठ्या माणसाच्या मानानें लहान मूल पोटांत गेलेल्या शिशापैकीं चार-पांच पट अंश शोषून घेतें; आणि बाहेर ठळक लक्षण न दिसतांहि त्याच्या बुद्धीची वाढ खुंटूं शकते. अमुक प्रमाण निर्धोक, असें जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाहीं. रक्ताच्या दर डेसिलिटरमागें ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसें आढळल्यास त्याचा उगम शोधून तो बंद करावा, अशी तिची शिफारस आहे.

आतां माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वीं आमच्या घरीं नवी हळद आली. रंग कसा झळझळीत! सूनबाई म्हणाली, "मामंजी, ही जरा अधिकच पिवळी नाहीं का? आपण पाहतां का एकदां?" आपली विद्या कोणी विचारावी, याचा आनंद म्हाताऱ्या मास्तराला किती होतो म्हणून सांगूं! मीं हळद व्हिनेगरमध्यें उकळली, गाळली, आणि गाळलेल्या द्रवांत पोटॅशियम आयोडाइड टाकलें. शिशाचा क्षार विरघळलेला असेल तर या द्रव्यानें पिवळा सांका पडतो. तापवितांच तो विरघळतो आणि निवतांना सोन्याच्या टिकल्यांसारखा चकाकत खालीं उतरतो. प्रयोगशाळेंत मुलांना सर्वांत आवडणारा हाच प्रयोग. येथें कांहींच दिसलें नाहीं. "खुशाल वापर," मीं निकाल दिला.

चार महिन्यांनीं तीन वर्षांची नात मलूल दिसूं लागली, जेवेना, पोट दुखतें म्हणे. डॉक्टरांनीं रक्त तपासविलें. शिसें निघालें १८ मायक्रोग्रॅम. मग हळद परीक्षणासाठीं पाठविली. तिच्यांत लेड क्रोमेट, म्हणजे रंगाच्या कामाचा पिवळा पदार्थ, मिसळलेला होता. सूनबाई मला एक अक्षरहि बोलली नाहीं. ती बोलली असती तर बरें झालें असतें.

माझ्या चुका तीन, आणि तिन्ही नववीच्या विद्यार्थ्यानें दाखवाव्या अशा. पहिली : लेड क्रोमेट व्हिनेगरमधील आम्लांत विरघळतच नाहीं, तेव्हां शिसें गाळणींत राहिलें आणि मी खालचा द्रव तपाशीत बसलों. दुसरी : हळदीचा अर्क स्वतःच पिवळा, मी पिवळ्यांत पिवळें शोधीत होतों. तिसरी सर्वांत मोठी : ही परीक्षा ढोबळ आहे. शिशाचें आयोडाइड एक लिटर पाण्यांत पाऊण ग्रॅमच्या आसपास विरघळून अदृश्य राहूं शकतें. आणि पिण्याच्या पाण्यांत शिशाची मर्यादा आहे लिटरमागें १० मायक्रोग्रॅम! हजारों पटींचा फरक. शेतांतून हत्ती गेला तर कळेल, मुंग्यांची रांग गेली तर कळणार नाहीं.

मग घरगुती परीक्षा टाकाऊ का? तसें नाहीं. कल्हईवाले कथलाची कांडी वांकवून कानाशीं धरीत. शुद्ध कथील करकर वाजतें, शिसें मुकें राहतें. कागदावर ओढलें तर शिशाची करडी रेघ उमटते. बाजारांत रंगाच्या पोपड्यांसाठीं रोडिझोनेटच्या कांड्या मिळतात. शिसें असल्यास त्या गुलाबी वा तांबड्या होतात. सोडियम सल्फाइडनें शिसें काळें पडतें खरें, पण तांबें आणि लोखंडहि काळें पडतें. या सर्वांचा नियम एकच : होकार आला तर सावध व्हावें, नकार आला म्हणून निर्धास्त होऊं नये. खात्री प्रयोगशाळाच देते. तेथें क्ष-किरण पाडून त्या वस्तूंतून परत येणाऱ्या किरणांवरून धातु ओळखतात, किंवा नमुना आम्लांत पूर्ण विरघळवून सूक्ष्म मोजणी करतात.

त्या क्ष-किरण यंत्राची कर्तबगारी बांगलादेशांत दिसली. तेथें हळकुंडांना चकाकी आणण्यासाठीं लेड क्रोमेट चोळीत. २०१९ सालीं हा प्रकार उघडकीस आल्यावर अधिकाऱ्यांनीं हातांतलें यंत्र बाजारांत नेऊन व्यापाऱ्यांसमक्ष परीक्षा केली, दंड केला, लोकांना सांगितलें. २०१९ सालीं बाजारांतील शेंकडा ४७ नमुन्यांत शिसें होतें. २०२१ सालीं एकाहि नमुन्यांत आढळलें नाहीं. रोग जुना असला तरी उपाय झटपट होऊं शकतो, याचें हें उदाहरण.

आपल्या हातीं काय आहे? डोळे दिपविणारी हळद घेऊं नये. जुना रंग कोरडा खरवडूं नये. ओला करून काढावा, आणि त्या वेळीं मुलांना दूर ठेवावें. रांगत्या मुलांचे हात वरचेवर धुवावे. त्यांच्या आहारांत लोह आणि कॅल्शियम पुरेसें असावें; तीं कमी पडल्यास शिसें अधिक शोषलें जातें. आणि शंका आलीच तर वस्तूबरोबर मुलाचें रक्तहि तपासावें; बोटाच्या थेंबावर न थांबतां शिरेंतून घेतलेलें, कारण बोटावरची धूळहि आंकडा फुगवूं शकते.

माझ्या नातीचा आंकडा हळद बदलल्यावर सहा महिन्यांत ९ वर आला. आतां पुढची तपासणी आहे. परवां सूनबाईनें मला पुन्हा एक डबा दाखविला आणि विचारलें, "मामंजी, हें कसें वाटतें?" मीं डबा उघडला नाहीं. चिठ्ठी चिकटवून तो प्रयोगशाळेंत नेऊन दिला. एवढें शिकायला मला पासष्ट वर्षें लागलीं; आपणांस इतकीं लागूं नयेत, म्हणून हें भाषण.