सिकलसेल ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे नेमके काय?

पुण्यात शिक्षण-नोकरीसाठी आलेले आपले अनेक तरुण मूळचे विदर्भातले. तिथे आदिवासींप्रमाणे बौद्ध समाजातही सिकलसेल आढळतो. म्हणून त्याचा अहवाल वाचता यायला हवा.

शिबिरात बहुधा सोल्युबिलिटी चाचणी होते. रक्तात सिकल हिमोग्लोबिन असले की द्रावण गढूळ होते. पण ते वाहकाचेही (एएस) होते आणि रुग्णाचेही (एसएस). नेमका फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीतच कळतो. नुकतेच रक्त चढवले असेल तर आधी सांगा; निकाल चुकू शकतो.

वाहकाला सहसा औषध लागत नाही. रुग्णाला नियमित उपचार लागतात. हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके कमी होतात. दोघे जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. एक वाहक आणि दुसरा सामान्य (एए) असेल तर मूल एसएस होत नाही.

तरीही अर्धवट अहवालावरून ठरलेली लग्ने मोडताना आम्ही पाहतो, आणि बोल मुलीलाच लागतो. हा नवा विटाळ आपण पाळायचा नाही. शिबिर घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी पक्क्या चाचणीची आणि समुपदेशनाची सोय आधी करावी, मगच रक्त घ्यावे.